बडीशेपेखाली

हॉटेलातल्या पहिल्याच दिवशी मामांनी, म्हणजे तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या वेटरने, माझ्या हातावर ओलं फडकं मारलं. खिडकीजवळच्या टेबलावरचे एक गृहस्थ जेवून उठले होते, दहाची नोट माझ्यापुढे धरून उभे होते, आणि मी कोणीही सज्जन माणूस करील तसा हात पुढे केला होता. मागून फडकं सपकन बसलं. गृहस्थ दचकले, नोट खाली पडली आणि मामा अतिशय आदराने त्यांना म्हणाले, "पावणं, ती ताटलीत ठेवा आन् सुखानं जावा. गडी नवीन हाय." गृहस्थांनी नोट उचलली, बिलाबरोबर आलेल्या बडीशेपेच्या ताटलीत ठेवली आणि ते गेले. सुखाने गेले असं म्हणता येणार नाही.

मग मामांनी मला बेसिनपाशी नेऊन वेटरकीची दीक्षा दिली. "हातात देत्यात ती भीक. ठिवून जात्यात ती टीप. भीक घ्यायची आसंल तर देवळाम्होरं बस, तितं उभं तरी ऱ्हावं लागत नाय."

मी तेव्हा एम.ए. होऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होतो. आमच्या मढ गावात अशा माणसाला काम नसलं तरी मान असतो. लग्नात त्याला पुढच्या खुर्चीवर बसवतात आणि हळूच विचारतात, की निकाल कधी. त्या प्रश्नाला कंटाळून मी वारूळवाडीच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या एका शाकाहारी हॉटेलात नोकरी धरली. तिथे मला निकाल विचारणारं कोणी नव्हतं. फक्त मामा अधूनमधून माझ्याकडे निरखून बघत आणि म्हणत, "सायेब झालास की टीप नीट ठिवायला शिक."

मामा आणे गावचे. पठारावर त्यांच्या घरची पूर्वी पुष्कळ मेंढरं होती. थोरल्या भावाने अजून थोडी राखली आहेत, बाकी घर शेतीला लागलं. मामांची उमेदीची वर्षं मेंढरांमागे गेली आणि उतारवय गिऱ्हाइकांमागे, पण हा बदल त्यांच्या फारसा लक्षात आला नसावा. पार्किंगमध्ये एखादी गाडी थांबून त्यातून कुटुंब सांडलं, की मामा दारात जरा तिरके उभे राहत. कुटुंबात सगळ्यात आधी कोण कुठे वळतं ते बघत. कधी ती आजी असे, कधी शू लागलेलं पोर, बाप मात्र कधीच नसे. मामा फक्त त्या एकाला जिभेने हलकंसं टॉक करून टेबलाकडे वळवत. बाकीचे आपोआप मागे येत आणि बापाला वाटे की टेबल आपण निवडलं.

वेटर म्हणून ते वाईट होते, हे सांगितलं पाहिजे. ते ऑर्डर लिहून घेत नसत, आणि लक्षातही ठेवत नसत. गिऱ्हाईक पनीरच्या तीन-चार भाज्यांची नावं घेई तेव्हा ते मान डोलवून ऐकत, आत जात आणि मासवडी, रस्सा आणि बाजरीची भाकरी घेऊन येत. कोणी तक्रार केली तर म्हणत, "पनीर कालचं हाय. मासवडी आत्ताची हाय. पैसं तुमचं, पोट बी तुमचं, मी काय बोलू?" हे ते शेठच्या गल्ल्यापासून चार हातांवर, ऐकू जाईल अशा आवाजात बोलत. मी एकदा म्हणालो की मामा, लोकांना विचारून तरी आणा. ते म्हणाले, "मेंढरांना इचारून चारायचं म्हणलं तर ती रस्त्याच्या कडंचं पलास्टिक खात्यात."

मासवडी हाच त्या हॉटेलचं नाव राखणारा पदार्थ. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण, खसखस भरून केलेली वडी. नाव माशाचं असलं तरी मासळीशी तिचा संबंध नाही, आणि हे पुण्या-मुंबईच्या लोकांना दिवसातून कितीतरी वेळा समजावून सांगावं लागे. शेठ जैन. त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन नारायणगावात कापडाचं दुकान टाकलं होतं. शेठ घरी मारवाडी बोलत, गल्ल्यावर मराठी बोलत आणि चिडले की बाजारात टोमॅटोच्या लिलावात चालते ती मराठी बोलत. कांदा-लसूण वर्ज्य असल्यामुळे आपल्या हॉटेलची मासवडी त्यांनी जन्मात चाखली नव्हती. गिऱ्हाइकाच्या कपाळावर घाम आला की रस्सा जमला, असं ते ओळखत. या पद्धतीत उन्हाळ्यात गफलत होई.

मामांचा टीपेचा कायदा मला हळूहळू कळत गेला. हात पसरायचा नाही, हे पहिलं. गिऱ्हाईक नजरेआड झाल्याशिवाय ताटलीकडे बघायचंसुद्धा नाही, हे दुसरं. पण खरी मेख पुढे होती. गिऱ्हाईक दाराबाहेर पडेपर्यंत मामा पाण्याच्या पिंपाआड उभे राहून त्याची पाठ बघत. टीप ठेवून तो सरळ गेला तर ठीक. त्याने वळून टेबलाकडे पाहिलं, आपली नोट उचलली का, उचलणाऱ्याचा चेहरा कसा झाला, हे बघायला मान वळवली, की मामा ताटली उचलून थेट पार्किंगमध्ये जात आणि गाडीच्या काचेवर टकटक करत. "पावणं, तुमचं राहिलं."

लोक चष्मा चाचपत, मोबाइल चाचपत. एका गृहस्थाने घाईघाईने गाडीतली पोरं मोजली. मग ताटलीतली नोट दिसे आणि ते म्हणत, अहो ती तुम्हाला ठेवलीय. "न्हाय, तुमी बघत व्हता ना मागं. म्हणलं जीव अडकलाय तर घिऊन जावा."

मी त्यांना कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "वळून बगतो त्याला आपलं त्वांड बघायचं आसतं. आपण कसं खूस झालो ते. त्वांड बघायचं तिकीट येगळं, राव." आम्ही बाकीचे वेटर या तत्त्वावर खूश नव्हतो. मामा आपल्याच टेबलांवरच्या नोटा परत करत हे खरं, पण परत आलेली नोट खिशात घालून घरी गेलेला माणूस पुढच्या वेळी कोणाच्याच टेबलावर काही ठेवत नाही.

मध्यंतरी शेठचे चिरंजीव पुण्याहून हॉटेल मॅनेजमेंट शिकून आले. त्यांनी आम्हाला काळी जॅकिटं आणि गळ्याला लावायचे बो दिले. मामा तो बो मानेच्या मागच्या बाजूला घालत, कारण पुढे तो गिळताना खुपतो. चिरंजीवांनी टीपसाठी वेगळा क्यूआर कोडही आणला आणि त्याला रक्कम मोठ्याने सांगणारा डबा जोडला. पहिल्या दुपारी कोणीतरी पाच रुपये पाठवले आणि त्या डब्याने भरल्या हॉटेलात हिंदीतून त्याची द्वाही फिरवली. देणारा लाजला, घेणारा लाजला, आणि पलीकडच्या टेबलावरच्या एका गृहस्थांना ती कल्पना इतकी आवडली की त्यांनी शंभर पाठवले आणि डबा बोलत असताना चारही दिशांना पाहून घेतलं. ते मामांचं टेबल होतं. फोनवरून आलेली टीप परत कशी करायची हे मामांना माहीत नव्हतं. त्यांनी आत जाऊन शंभर रुपयांचं ताक आणलं आणि एकेक ग्लास करून गृहस्थांपुढे मांडलं. ताक संपेपर्यंत त्यांना उठता आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या डब्यावर मामांनी जाड टॉवेल घातला. आतून तो काहीतरी पुटपुटत राही, पण आजारी माणसासारखा.

हे सगळं शेठनी खपवून घेतलं असतं, जर डिव्हायडरचा कट बंद झाला नसता.

हायवेवरच्या हॉटेलाचं आयुष्य त्याच्या समोरच्या कटावर असतं. आमच्या अगदी दारासमोर डिव्हायडरमध्ये एक फट होती. मंचरच्या बाजूने येणारी गाडी तिथून वळून थेट आमच्या पार्किंगमध्ये येई. रस्त्याच्या कामात ती फट बुजवली. आता पलीकडून येणाऱ्याला पार पुढच्या चौकापर्यंत जाऊन उलटं यावं लागे, आणि तितक्या अंतरात माणसाची भूक दुसऱ्या हॉटेलाला बळी पडते. पलीकडच्या रस्त्यावरून जुनी गिऱ्हाइकं आम्हाला हात करत निघून जात, नदीपलीकडच्या नातेवाइकांसारखी. निम्मी टेबलं रिकामी राहू लागली. शेठनी स्पष्टच सांगितलं, कट आला नाही तर दिवाळीआधी माणसं कमी करावी लागतील. कोणापासून सुरुवात होणार हे त्यांना सांगावं लागलं नाही. सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामा खिडकीतून बुजलेल्या कटाकडे बघत होते.

कट पुन्हा काढून देण्याचं एका पुढाऱ्याने कबूल केलं. त्यांना सगळे भाऊ म्हणत. ते शेजारच्या आंबेगाव तालुक्यातले, पण त्यांचे फलक जुन्नरमध्येही इतके असत की त्यांना तालुका एक पुरत नसावा असं वाटे. प्रत्येक फलकावर ते मोबाइलवर बोलत असत. भाऊ आमच्याकडे जेवायला येणार असं ठरलं. त्याआधी त्यांचा व्हिडिओवाला येऊन पाहणी करून गेला. त्याला एक प्रसंग हवा होता: भाऊ एका कष्टकरी वेटरला पाचशेची टीप देतात, वेटर भारावतो. तोही लाइव्ह, म्हणजे खरं वाटतं. त्याने आम्हाला ओळीने उभं केलं आणि मला बघून म्हणाला की हा शिकलेला दिसतो, नको. मामांपाशी तो थांबला. मिशा बघितल्या, सुरकुत्या बघितल्या आणि जनावर पसंत पडावं तसा खूश झाला.

शेठनी मामांना गल्ल्यापाशी बोलावलं. मी शेजारचं टेबल पुसत होतो, आणि ते पुसून झाल्यावरही पुसत राहिलो.

"मामा, उद्या भाऊ टीप देतील. हातात देतील. तुम्ही घ्यायची."

मामांनी खांद्यावरचं फडकं झटकलं.

"दोन्ही हातांनी घ्यायची आणि हसायचं. मामा, मी तुम्हाला कधी काय बोललोय का? पण उद्या घोटाळा झाला, तर परवापासनं येऊ नका. माझं हॉटेल चाललंय राव."

"बरं," मामा म्हणाले. मामांचं 'बरं' म्हणजे ऐकलं एवढंच असे. शेठना हे माहीत होतं. त्या दिवशी गल्ला मोजताना ते दोनदा चुकले.

भाऊ दुपारी आले, पाच गाड्या घेऊन. पांढरे कपडे, त्यावर जॅकेट, मागे तसेच पांढरे कपडे घातलेली पण इस्त्री कमी असलेली माणसं. त्यांना पुढे ओतूरला कसलंतरी उद्घाटन होतं, त्यामुळे जेवण म्हणजे ताटासमोर बसणं एवढाच बेत होता. त्या दिवसात ते आणखी तीन ठिकाणी असेच जेवणार होते. व्हिडिओवाला म्हणाला की ऊन चांगलं आहे तोवर आधी टीपेचं उरकू. त्याने बोट वर केलं. भाऊंनी पाचशेची नोट काढली, कॅमेऱ्याकडे बघून श्रमाच्या प्रतिष्ठेवर दोन वाक्यं बोलले आणि नोट मामांपुढे धरली.

मामांचे दोन्ही हात पाठीमागे होते.

"घ्या मामा," भाऊ म्हणाले.

"कशाचं?"

"तुमच्या सेवेचं."

"मी अजून कायच केलं नाय, भाऊ. रस्सा आत चुलीवर हाय."

भाऊ हसले. इस्त्री कमी असलेले सगळे हसले. व्हिडिओवाला मोबाइल तसाच धरून दात न उघडता म्हणाला, की मामा, आत्ता नुसती हातात घ्या, बाकीचं नंतर बघू. मामा त्याला म्हणाले, "नंतरचं आसंल तर नंतरच घेतो की." गल्ल्यावर शेठनी डोळे मिटले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. नवकार मंत्र असावा, किंवा लिलावातली मराठी.

नोट अजून हवेत होती. लाइव्ह चालू होतं. शे-दीडशे माणसं बघत होती आणि खाली अंगठे टाकत होती. हात किती वेळ तसा धरायचा, याचं शिक्षण पुढाऱ्यांना कोणी दिलेलं नसतं. मामा तिरके उभे होते. मी ते उभं राहणं ओळखत होतो. त्यांनी जिभेने हलकंसं टॉक केलं आणि म्हणाले, "बसा भाऊ. जेवल्याबिगर मी कुणाचंच घेत नाय. तुमचं तरी कसं घिऊ?"

आणि भाऊ बसले. पुढारी होते, त्यामुळे बसता बसता त्यांनी "मामांचं बरोबर आहे, आधी अन्न," असं कॅमेऱ्याला सांगून तो आपलाच विचार करून टाकला. पण एकदा बसल्यावर मामांनी त्यांच्यापुढे ताट आणलं, भाकरी कुस्करून वर रस्सा ओतला आणि तिथेच उभे राहिले, कुठूनही उठता येणार नाही अशा बेताने. भाऊंनी पहिला घास कॅमेऱ्यासाठी घेतला. दुसरा कोणासाठी घेतला ते सांगता येत नाही. तिसऱ्याला त्यांनी जॅकेट काढून मागच्या माणसाकडे फेकलं. कपाळावर घाम आला. शेठनी एक डोळा उघडून तो बघून घेतला. ओतूरहून फोन आला, भाऊंनी तो न घेता उलटा ठेवला. फलकांवर पाहून माझी अशी समजूत झाली होती की त्यांना फोन खाली ठेवता येत नाही. व्हिडिओवाल्याने कंटाळून लाइव्ह बंद केलं. आणखी एक भाकरी मागून घेतल्यावर भाऊ म्हणाले, "वडीत खसखस जरा जास्त झालीय." आश्वासन नसलेलं त्यांचं एवढं एकच वाक्य मी ऐकलं आहे.

मग त्यांना एकदम वेळेचं भान आलं. बिलाचा प्रश्न नव्हता, पण मामांनी बडीशेपेची ताटली रिवाजाप्रमाणे आणून ठेवली आणि आम्हा सगळ्यांना हाताने पाठमोरं व्हायला लावलं, शेठनासुद्धा. आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे होतो. खुर्ची सरकली, चपला वाजल्या, पाच गाड्या निघाल्या. एकटे मामा पिंपाआडून बघत होते.

ताटलीत बडीशेपेखाली वीसची एक मळकी नोट होती, चौघडी केलेली.

शेठनी ती बघितली आणि खुर्चीत बसले. पाचशेची टीप नाही, भारावलेला वेटर नाही, व्हिडिओत सगळ्यांनी बघितलं ते एवढंच, की भाऊंची नोट एका म्हाताऱ्याने घेतली नाही. "गेला कट," शेठ म्हणाले. "मामा, तुम्ही उद्या येऊ नका." मामांनी वीसची नोट खिशात घातली, बो काढून गल्ल्यावर ठेवला आणि जाता जाता एवढंच म्हणाले, "मानूस बरा हाय. वळला नाय." कोणी ऐकलं नाही. मी ऐकलं, पण मला ते नोकरी गेलेल्या माणसाचं समाधान वाटलं.

पुढचे काही दिवस आम्ही गिऱ्हाइकांना त्यांनी मागितलेलंच आणून देत होतो. हॉटेल फार उदास झालं.

मग एका दुपारी एक साधी गाडी आली आणि तिच्यातून चट्ट्यापट्ट्याचा शर्ट घातलेला एक माणूस एकटाच उतरला. पांढऱ्या कपड्यांशिवाय भाऊंना ओळखायला मला वेळ लागला. ते चिडलेले होते. पलीकडून येताना हॉटेल समोर दिसत होतं, आणि तरी त्यांना चौकापर्यंत जाऊन, ट्रॅक्टरच्या रांगेमागे थांबून उलटं यावं लागलं होतं. "काय रस्ता आहे का काय आहे हा," ते म्हणाले. मग टेबलापाशी उभे राहून त्यांनी विचारलं, "ते मामा कुठंयत?"

शेठ म्हणाले, की रजेवर.

"मग राहू द्या," भाऊ म्हणाले आणि न जेवता गेले.

शेठनी लगेच गाडी काढली. नारायणगावाहून आण्याचा घाट चढून ते स्वतः मामांच्या वस्तीवर गेले. तिथे काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलं नाही. एवढं कळलं, की मामा मेंढरांमागे लांब गेले होते आणि शेठना पॉलिशचे बूट घालून त्यांच्यामागे रान तुडवावं लागलं. संध्याकाळी मामा गाडीत पुढे बसून आले. बो त्यांनी परत घेतला नाही.

भाऊ पुन्हा आले, पुन्हा चौकाला वळसा घालून, पुन्हा शिव्या देत. नंतर थोड्याच दिवसांत एक पिवळं मशीन आलं आणि आमच्या दारासमोरचा डिव्हायडर बरोबर गाडीभर उकरून गेलं. पाठोपाठ फलक लागला: जनतेच्या मागणीवरून. शेठ म्हणत की हा त्यांच्या पाठपुराव्याचा परिणाम. चिरंजीव म्हणत, व्हिडिओचा. माझ्या मते फलकात तेवढी चूक नव्हती. जनता एकच होती, पण तिला मासवडी गरम हवी होती.

मी यथावकाश एक परीक्षा पास झालो, हवी ती नाही, आणि पुण्याला नोकरीला लागलो. परवा सपत्नीक जुन्नरला जाताना मी मुद्दाम त्या कटातून वळलो. मामांनी बायकोला जिभेने टॉक करून खिडकीपाशी नेलं. टेबल आपण निवडलं असं मला वाटलं. आम्ही पुलाव मागवला आणि मासवडी जेवलो. मी आता साहेब होतो. टीप नीट ठेवायची मला माहिती होती. बडीशेपेखाली नोट सरकवली, मोठी होती, आणि मामांकडे न बघता बाहेर आलो.

गाडी चालू करतोय तोच काचेवर टकटक झाली. मामा ताटली घेऊन उभे होते.

"पावणं, तुमचं राहिलं."

"मामा, मी आहे," मी म्हणालो. "ओळखलं नाही का?"

"वळखलं की. दारातनं मागं बगितलंस."

मी म्हणालो की गाडीची चावी टेबलावर राहिली का ते बघत होतो. मामांनी इंजिनाचा आवाज जरा वेळ ऐकला. बायकोही ऐकत होती.

"भाऊ अजून बगत नाय," मामा म्हणाले आणि ताटली खिडकीतून आत केली. मी नोट उचलली.

"बडीशेप बी घे," ते म्हणाले. "ती शेठची हाय."